चार्टवर सगळे पेशंट कुशीवर वळलेले असतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात हॉस्पिटलमधल्या नव्या टेक्नॉलॉजीवर लेख आला होता, त्यात एक छोटी चौकट होती की पेशंटच्या छातीवर सेन्सर चिकटवला की बेडसोअरचा, म्हणजे एकाच जागी पडून राहून अंगाला होणाऱ्या जखमांचा, प्रश्न मिटला. मिटला म्हणे! वाचून मी आधी हसले, मग घरात वाचून दाखवली, मग हसू गेलं आणि दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं. मी अठ्ठावीस वर्षं वॉर्डात काढलीत, त्यातली निम्मी तरी नाईट असेल, आणि आयुष्यात सगळ्यात जास्त सह्या मी कशावर केल्या असतील तर त्या पेशंटला कधी कुठल्या कुशीवर वळवलं ते लिहायच्या पोझिशन चार्टवर. म्हणून लिहितेय. पत्र लांबलं तर कापा, फक्त चार्टचा भाग कापू नका.

बऱ्याच जणांना वाटतं बेडसोअर म्हणजे चादर घासून झालेली जखम, नाहीतर स्वच्छता ठेवली नाही म्हणून झालेली. घासणं, ओलं राहणं यांचा हात असतोच, पण मूळ दुखणं आत आहे. माणूस एकाच जागी पडून राहिला की वरून हाड दाबतं, खालून गादी दाबते आणि मधलं मांस चेपलं जातं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही आणि काही तासांत ते मांस मरायला लागतं. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू, जिथे हाडावर मांस कमी तिथे आधी. तुम्ही आम्ही झोपेतसुद्धा आपोआप कूस बदलतो कारण अंग अवघडलं की शरीर आपल्याला न विचारता हलतं, पण ज्याला लकवा झालाय, ज्याला झोपेचं औषध देऊन व्हेंटिलेटरवर ठेवलंय, ज्याच्या मणक्याला मार बसलाय त्याला एकतर ते जाणवत नाही किंवा जाणवलं तरी हलता येत नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे आतलं मांस आधी मरतं आणि कातडीवर नंतर दिसतं. इजा खोल असेल तर वर जांभळट डाग उमटायला दोन-तीन दिवस जातात. म्हणजे बुधवारी सकाळी स्पंजिंग करताना जो डाग दिसला तो सोमवारचा असतो, कदाचित ऑपरेशन टेबलावरचा, कदाचित कॅज्युअल्टीतल्या स्ट्रेचरवरचा जिथे पेशंट बेड रिकामा व्हायची वाट बघत पाच तास पाठीवर पडला होता. पण बिल फाडलं जातं बुधवारी सकाळी ड्युटीवर असलेल्या पोरीच्या नावावर. २०१६ मधे अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मंडळाने प्रेशर अल्सर हे नाव टाकून प्रेशर इंज्युरी असं केलं त्याचं एक कारण हेच, कातडी अजून शाबूत असताना सुद्धा इजा होऊन गेलेली असू शकते. आम्ही वॉर्डात बेडसोअरच म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

आता चार्ट. नियम असा की जो स्वतः हलत नाही त्याला दर दोन तासांनी पोझिशन द्यायची, डावी कूस, पाठ, उजवी कूस, आणि दरवेळी चार्टवर वेळ टाकून सही करायची. चोवीस तासांत बारा सह्या. हा दोन तासांचा नियम जुना आहे, १९४४ मधे इंग्लंडात स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलमधे डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी विभाग काढला तेव्हा रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायची शिस्त त्यांनी लावली, त्याआधी असे पेशंट बेडसोअर आणि युरिनच्या इन्फेक्शनने पटापट जायचे. शिस्त सोन्यासारखी आहे, त्याबद्दल वादच नाही. पण साधं गणित करून बघा. माझ्या वॉर्डात रात्री आम्ही दोघी आणि पेशंट बत्तीस, त्यातले अंथरुणाला खिळलेले समजा दहा. एका जड माणसाला नीट वळवायला दोघी लागतात, सलाईनची नळी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, ऑपरेशनच्या जागी लावलेली ड्रेनची नळी सांभाळून, पाठ बघून, ओलं असेल तर पुसून, उशा लावून आठ मिनिटं सहज जातात. दहा गुणिले आठ झाली ऐंशी. दर एकशेवीस मिनिटांतली ऐंशी मिनिटं दोघीही फक्त वळवण्यात अडकलेल्या. मग इंजेक्शनं कोण देणार, नवीन अ‍ॅडमिशन कोण घेणार, कोपऱ्यातल्या आजी सलाईनसकट उठून बाथरूमकडे चालायला लागल्या की धावणार कोण?

मग काय होतं ते सांगते, जिने नाईट केलीय तिला हे माहीत असतं पण लिहीत कोणी नाही. पहाटे साडेपाचला हँडओव्हरच्या आधी चार्ट पुढे ओढायचे आणि दहा, बारा, दोन, चार असं ओळीने सह्या ठोकत जायचं. तेच पेन, तीच शाई, एकाच घाईतलं तेच तिरकं अक्षर. कोणी नीट बघितलं तर एका नजरेत कळेल, पण बघायचं कोणालाच नसतं, कारण रकाने भरलेले असले की सगळेच सुटतात, मेट्रन म्हणजे आमची मुख्य नर्स सुटते, डॉक्टर सुटतात, हॉस्पिटल सुटतं. मीही केलंय. एकदा नाही, कितीतरी वेळा.

एक आजोबा होते, डाव्या अंगाला लकवा, शुगर, अंगावर मांस नाही. चौथ्या दिवशी मॉर्निंगच्या सिस्टरला माकडहाडावर हाताच्या तळव्याएवढा जांभळा डाग दिसला, आठवड्याभरात तो फुटला आणि आतलं काळं दिसायला लागलं. त्यांच्या मुलाने चार्ट मागितला, तेव्हा नेमकी मी ड्युटीवर. चार्टवर एकही सही चुकलेली नव्हती, पहिल्या दोन रात्रींच्या सगळ्या माझ्या. त्याने पानं उलटून बघितली आणि आवाज न चढवता म्हणाला, सिस्टर, हे सगळं वेळेवर झालं असेल तर मग झालं कशामुळे? मी म्हटलं वय आहे, शुगर आहे, होतं असं. वय होतं, शुगरही होती, खोटं काहीच नव्हतं त्यात. त्या दोन्ही रात्री शेजारच्या बेडवरचा पेशंट सीरियस होता आणि आम्ही दोघी त्याच्याच उशाशी होतो हेही खरं होतं, पण ते चार्टवर कुठे लिहायचं? तसा रकानाच नसतो.

म्हणून तुमच्या चौकटीतला सेन्सर मला वेगळ्या कारणाने आवडतो. पेशंटच्या छातीवर वरच्या बाजूला एक चपटं बटणासारखं यंत्र चिकटवतात, मोबाईल आडवा केला की स्क्रीन आपोआप फिरतो ना, तसलंच तंत्र आत असतं, माणूस पाठीवर आहे की कुशीवर आणि किती अंशात कललाय ते त्याला समजतं, आणि नर्सेस स्टेशनच्या स्क्रीनवर कुठल्या बेडची वेळ होत आलीय, कुठल्याची उलटून गेलीय ते रंगात दिसतं. पेशंट आपलाआपण पुरेसा वळला तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, म्हणजे नुकताच कुशीवर झालेल्या माणसाला आम्ही रात्री दोनला उगाच उठवत नाही, आणि ही किती मोठी गोष्ट आहे ते हॉस्पिटलमधे चार रात्री काढलेल्या कोणालाही विचारा. पण माझ्या दृष्टीने त्याची खरी करामत ही की त्याला पहाटे साडेपाचला एकदम सह्या करता येत नाहीत.

याची नीट चाचणीही झालीय. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूंमधे १,३१२ पेशंट घेऊन केलेला अभ्यास २०१८ मधे छापून आला. त्यात सेन्सर सगळ्यांनाच लावला होता पण स्क्रीनवरची माहिती निम्म्याच पेशंटच्या बाबतीत नर्सेसना दिसायची. जिथे दिसत होती तिथे हॉस्पिटलमधे नव्याने झालेल्या बेडसोअरचं प्रमाण ०.७ टक्के, जिथे दिसत नव्हती तिथे २.३ टक्के. हजारात सात आणि हजारात तेवीस, फरक छोटा नाही. लोक एवढं सांगून थांबतात. पुढचा आकडा मला जास्त बोलका वाटला, वेळापत्रकाप्रमाणे पोझिशन पाळली जाण्याचं प्रमाण स्क्रीन दिसत असताना ६७ टक्के आणि दिसत नसताना ५४ टक्के. म्हणजे आयसीयू, जिथे एका नर्सकडे पेशंट मोजकेच असतात, वर समोर रंगीत स्क्रीन, वर अभ्यास चालू आहे हे सगळ्यांना माहीत, तरीसुद्धा तीनातला एक हिस्सा वेळ हुकलाच. त्या पोरी आळशी होत्या का? मला नाही वाटत. आणि आमच्या चार्टवर मात्र शंभरातले शंभर.

उलटा निकालही सांगायला हवा. छातीवरच्या सेन्सरऐवजी गादीवर पसरायची सेन्सरची चादर पण मिळते, कुठे किती दाब पडतोय त्याचं लालनिळं चित्र स्क्रीनवर दिसतं. स्वीडनमधल्या एका हॉस्पिटलने वृद्धांच्या वॉर्डात १९० पेशंटवर ती वापरून बघितली, २०१७ चा अभ्यास, आणि बेडसोअरमधे लक्षात घेण्यासारखा फरक सापडला नाही. पेशंट कमी होते, वॉर्ड वेगळा होता, मान्य. पण चौकटीत 'मिटला' लिहिण्याआधी हेही कोणीतरी वाचायला हवं होतं ना.

आता छातीवरच्या सेन्सरला काय कळत नाही ते. त्याला धड कुठल्या बाजूला आहे तेवढंच माहीत. टाच गादीवर टेकलेली आहे की पोटरीखाली उशी घालून अधांतरी ठेवलीय हे त्याला दिसत नाही, आणि टाचेचा बेडसोअर तर माकडहाडाच्या खालोखाल बघितलाय मी. डायपर ओला आहे हे कळत नाही. पेशंटला दम लागतो म्हणून बेडची डोक्याची बाजू खूप उचलून ठेवली की तो हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड खाली सरकतं, त्या ओढाताणीत आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, हेही बऱ्याचदा नुसत्या दाबाएवढंच वाईट, पण छातीवरचं बटण म्हणणार सगळं ठीक. ऑक्सिजनच्या मास्कने नाकाच्या दांडीवर होणारी जखम, नळीने कानामागे होणारी, कॅथेटरची नळी मांडीखाली राहून होणारी, यातलं काहीच त्याच्या हिशोबात नाही. आणि हो, कुठलंही यंत्र अंगाला चिकटवलं की त्याच्याखालची कातडी पण उचलून बघावी लागते, नाहीतर राखणदारच घरफोडी करायचा.

ज्याच्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळही नव्हती तो मुद्दा आहे कातडीच्या रंगाचा. आम्हाला शिकवलं होतं की बेडसोअरची पहिली पायरी म्हणजे लाल चट्टा, बोटाने दाबून सोडल्यावर तो पांढरा होत नाही. पुस्तकातला फोटो गोऱ्या पाठीचा. सावळ्या-काळ्या कातडीवर हा लाल चट्टा दिसतच नाही हो नीट, आणि दिसेपर्यंत पहिली पायरी ओलांडलेली असते. मी हाताने शिकले, तो भाग शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागतो किंवा गार लागतो, कडक लागतो किंवा लिबलिबीत लागतो, पेशंट बोलत असेल तर हात लावल्यावर कळवळतो. आता हातात धरायचं एक स्कॅनर निघालंय, कातडीखालच्या थरात साठलेलं पाणी मोजतं, कारण इजा झाली की आधी तिथे सूज धरते आणि डोळ्याला दिसायच्या काही दिवस आधी ती मोजता येते. अमेरिकेत २०१८ मधे त्याला परवानगी मिळाली. ते उजेडावर किंवा रंगावर चालत नाही, विजेच्या गुणधर्मावरून ओलावा मोजतं, त्यामुळे कातडी काळी की गोरी याचा प्रश्न बराचसा बाजूला पडतो. मला विचाराल तर आमच्यासारख्या सावळ्या लोकांच्या वॉर्डात हे छातीवरच्या बटणाइतकंच, कदाचित जास्तच कामाचं आहे. पण तेही फक्त सांगतं, करत काही नाही.

कागदाची गंमत अशी की ती नवी नाही. कोणाला धोका जास्त ते ठरवायला डोरीन नॉर्टन या नर्सबाईंनी १९६२ मधे मार्कांची पद्धत काढली, पुढे बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची १९८७ ची ब्रेडन स्केल आली, तीच आम्ही भरायचो, सहा गोष्टींचे मार्क, जास्तीत जास्त २३, आणि १८ किंवा खाली आले तर पेशंट धोक्यात. उत्तम पद्धत आहे, दोन मिनिटांत होते. होतं काय की अ‍ॅडमिशनला एकदा भरली जाते आणि मग रोज कालचाच आकडा आज उतरवला जातो, पेशंट मधल्या काळात जेवायचा बंद झालेला असला तरी मार्क तेच. याच बर्गस्ट्रॉम बाईंनी नंतर अमेरिका-कॅनडातल्या वृद्धांच्या नर्सिंग होममधे एक अभ्यास केला, २०१३ मधे छापला गेला, त्यात चांगल्या जाड फोमच्या गादीवर दोन, तीन की चार तासांनी वळवलं याने बेडसोअरच्या प्रमाणात फरक पडला नाही. हे आयसीयूतल्या पेशंटला तसंच्या तसं लावू नये, पण यातून कळतं काय की सरसकट सगळ्यांना दोन तास हा हट्ट धरून दहाच्या दहा चार्ट खोटे भरण्यापेक्षा, गाद्या चांगल्या घेऊन कोणाला खरंच दोन तास हवेत आणि कोणाला चार चालतील हे ठरवलं तर ते पाळता तरी येईल. आणि ते ठरवायला सेन्सरची माहिती खरोखर लागते, कारण कोण स्वतः किती हलतो हे आम्हाला रात्रीत फक्त अंदाजाने माहीत असतं.

आता माझी भीती. ही यंत्रं येणार, यायलाच हवीत. पण ज्या दिवशी स्क्रीन लागेल त्याच्या पुढच्या महिन्यात कोणीतरी प्रिंटआऊट घेऊन येणार, सिस्टर, तुमच्या ड्युटीत बेड नंबर सात चाळीस मिनिटं लाल होता, मेमो घ्या. मेमो एकदा सुरू झाले की लोक वाटा शोधतात, पेशंटच्या एका खांद्याखाली घाईघाईत उशी सरकवायची, छाती कलते, सेन्सर खूश, आणि खाली माकडहाड तिथंच्या तिथं. चार्ट खोटा लिहिता यायचा, मशीनलाही फसवता येतं, थोडा जास्त घाम लागतो एवढंच. अलार्मचंही तेच. आयसीयूत आधीच मॉनिटर, पंप, व्हेंटिलेटर सगळे दिवसभर ओरडत असतात, त्यात अजून एक आवाज वाढला की तो चार दिवसांत कानाला ऐकू येईनासा होतो.

तीच प्रिंटआऊट उलटीकडून वाचायला हवी. बेड नंबर सात चाळीस मिनिटं लाल होता, तेव्हा वॉर्डात किती जणी होत्या आणि त्या काय करत होत्या? रोज रात्री एक ते चार सगळे बेड लाल होत असतील तर तो सिस्टरचा गुन्हा नाही, तिथे तिसरी नर्स किंवा दोन मावशी कमी आहेत याचा पुरावा आहे. माझ्या अख्ख्या नोकरीत आम्ही माणसं वाढवा माणसं वाढवा म्हणत राहिलो आणि उत्तर यायचं की चार्ट तर सगळे वेळेवर भरलेले दिसतायत, मग अडचण काय आहे? आम्हीच आमच्या सह्यांनी आमचा पुरावा पुसत होतो, आणि हे मला रिटायर झाल्यावर समजलं.

पैशांची बाजूही याला लागून आहे. अमेरिकेत सरकारी विमा योजनेने ऑक्टोबर २००८ पासून हॉस्पिटलमधे नव्याने झालेल्या खोल बेडसोअरच्या उपचाराचे जादा पैसे देणं बंद केलं, तेव्हा तिथल्या हॉस्पिटलांना अचानक पेशंट दाखल होतानाच त्याची पाठ बघायची आठवण झाली. का होईना, झाली. दाखल करताना कपडे बाजूला करून पाठ, टाचा बघणं आणि जे आहे ते लिहिणं याला कुठलंच यंत्र लागत नाही, आणि नंतरची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

घरचं माणूस ज्यांनी अ‍ॅडमिट केलंय त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण हे पेपरात आलं तर तेच जास्त वाचतील. सिस्टरला चार्ट दाखवा म्हणू नका, पाठ दाखवा म्हणा. वळवताना तुमचा हात लावायची परवानगी मागा, मणक्याचा किंवा नुकत्याच ऑपरेशनचा पेशंट असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. पूर्ण आडव्या कुशीवर नको, खुब्याच्या हाडावर भार येतो, पाठीमागे उशी लावून थोडंसं कलतं, साधारण तीस अंश. लाल झालेल्या जागी तेल लावून चोळू नका, चोळल्याने आतलं अजून बिघडतं. मधे भोक असलेली ती गोल रिंग पण नको, कडेने दाब पडून मधल्या भागाचं रक्त अजून तुटतं. आणि पेशंट काही खात नसेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, पोटात प्रोटीन नसेल तर कितीही वळवलं तरी कातडी टिकत नाही. सगळं करूनही काही जणांना बेडसोअर होतोच, बीपी इतकं खाली की हलवलं तर जीव जाईल असे पेशंट असतात, शेवटच्या दिवसांत वळवलं की विव्हळणारे असतात, तिथे कोणाला दोष देऊ नका, आम्हालाही आणि स्वतःलाही.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी कुठलं हॉस्पिटल तो स्क्रीन दाखवायला बोलावेल तेव्हा सकाळी अकराला फोटो काढून परत येऊ नका, रात्री दोनला जा. बेड लाल झाल्यापासून माणूस तिथे पोचेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघा आणि तो आकडा छापा.

पत्राखाली नाव छापू नका. मी रिटायर झाले, मला कोणी काही करणार नाही, पण माझ्याबरोबर सह्या करणाऱ्या अजून ड्युटीवर आहेत आणि माझं नाव वाचलं की त्यांची नावं लोकांना आपोआप कळतील.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स